विश्लेषण : पाचगणीच्या वसतिगृहातला फारोख जगाचा फ्रेडी मर्क्युरी कसा झाला?

पायाचे दोन ठोके आणि एक टाळी. क्रिकेटचे स्टेडियम असो, कॉलेजचे गॅदरिंग असो की इस्लापूरसारख्या गावातल्या शाळेचे मैदान, हा ताल सुरू झाला की तो कुणाला शिकवावा लागत नाही. ‘वी विल रॉक यू’ हे ते गाणे १९७७ चे. बँडचे नाव क्वीन आणि गायकाचे नाव फ्रेडी मर्क्युरी. या गायकाचे मूळ नाव फारोख बलसारा होते आणि त्याच्या बालपणाची जवळपास आठ वर्षे महाराष्ट्रात गेली, हे मात्र गाणे ऐकणाऱ्या अनेकांना माहीत नसते. वयाच्या ४५ व्या वर्षी, २४ नोव्हेंबर १९९१ रोजी एड्समुळे त्याचा मृत्यू झाला. त्याआधी त्याने दोन गोष्टी जगापासून जपून ठेवल्या होत्या. एक म्हणजे स्वतःचे मूळ आणि दुसरी म्हणजे आजार. असे का झाले आणि तेव्हापासून आजवर काय बदलले, याचा हा आढावा.

फ्रेडी मूळचा कुठला?

फारोखचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील झांझिबार बेटावर झाला. कुटुंब पारशी. बलसारा हे आडनाव गुजरातमधील बलसार, म्हणजे आजच्या वलसाड या गावावरून आलेले. वडील बोमी हे झांझिबारमधील ब्रिटिश सरकारच्या कचेरीत कॅशियर होते. आईचे नाव जेर आणि धाकट्या बहिणीचे कश्मीरा. घर खाऊनपिऊन सुखी होते. मुलाने इंग्रजी शाळेत शिकावे, अशी आई-वडिलांची इच्छा होती. झांझिबारमध्ये तशी सोय मर्यादित होती आणि मुंबईत नातेवाईक होते. त्यामुळे आठ वर्षांच्या फारोखला बोटीने भारतात पाठवण्यात आले.

पाचगणीत काय घडले?

सातारा जिल्ह्यातील पाचगणी तेव्हाही निवासी शाळांचे गाव म्हणून ओळखले जात होते. तिथल्या सेंट पीटर्स शाळेत फारोख दाखल झाला. घर समुद्रापलीकडे असल्याने दर सुटीत घरी जाणे शक्य नव्हते. बऱ्याच सुट्या मुंबईला मावशी आणि आजी-आजोबांकडे जात. किनवट तालुक्यातल्या तांड्या-पाड्यांवरून पहिली-दुसरीतच आश्रमशाळेत राहायला जाणाऱ्या मुलांच्या घरी हा अनुभव वेगळा सांगावा लागणार नाही. पैशाचा फरक मोठा आहे, पण रात्री दिवे मालवल्यावर वसतिगृहातल्या आठ वर्षांच्या मुलाला घर आठवते ते सारखेच.

फारोखच्या जबड्यात चार दात जास्तीचे होते. त्यामुळे वरचे दात पुढे येत आणि मुले चिडवत. लाजाळू असलेला हा मुलगा टेबल टेनिसमध्ये मात्र शाळेचा विजेता ठरला, बॉक्सिंगही खेळला. त्याचा संगीताचा कान मुख्याध्यापकांच्या लक्षात आला. त्यांनी पालकांना कळवले, थोडी जादा फी भरली गेली आणि पियानोची शिकवणी सुरू झाली. रेडिओवर ऐकलेले गाणे तो लगेच पियानोवर वाजवून दाखवायचा. इंग्रजी बोलणाऱ्या मित्रांनी फारोखचे ‘फ्रेडी’ केले ते इथेच.

१९५८ मध्ये पाच मित्रांनी ‘द हेक्टिक्स’ हा बँड काढला. एल्व्हिस प्रेस्ली, क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड यांची गाणी ही मुले शाळेच्या कार्यक्रमांत वाजवत. गंमत म्हणजे या बँडचा मुख्य गायक फ्रेडी नव्हता. तो पियानोवर असायचा. पुढे पाचपैकी एक जण नेपाळच्या लष्करात जनरल झाला, एक अभिनेता झाला आणि एकाने पुण्यात सिझलरचे हॉटेल चालवले. अखेरच्या काळात फ्रेडीचे अभ्यासावरून लक्ष उडाले. पाचगणी सोडून काही काळ तो मुंबईत माझगावच्या सेंट मेरीज शाळेत होता. १९६३ मध्ये तो झांझिबारला परतला.

लंडनला का जावे लागले?

डिसेंबर १९६३ मध्ये झांझिबार स्वतंत्र झाले आणि अवघ्या महिनाभरात, १२ जानेवारी १९६४ रोजी तिथे उठाव झाला. सुलतानाची सत्ता उलथवली गेली. अरब आणि भारतीय वंशाच्या लोकांवर हल्ले झाले, हजारो माणसे मारली गेली. बलसारा कुटुंबाकडे ब्रिटिश पासपोर्ट होते. हाती लागेल तेवढे सामान घेऊन चौघे इंग्लंडला आले आणि लंडनजवळच्या फेल्टहॅम येथे लहानशा घरात राहू लागले. म्हणजे वयाच्या १७ व्या वर्षी फ्रेडी निर्वासिताचा मुलगा होता. त्याने ईलिंग आर्ट कॉलेजमध्ये ग्राफिक डिझाइनचे शिक्षण घेतले, खर्चासाठी हीथ्रो विमानतळावर सामान उचलण्याचे कामही केले. पुढे केन्सिंग्टन मार्केटमध्ये जुन्या कपड्यांचा गाळा चालवला.

क्वीन बँड कसा तयार झाला?

लंडनमध्ये ‘स्माइल’ नावाचा एक कॉलेज बँड होता. गिटारवादक ब्रायन मे भौतिकशास्त्र शिकत होता, तर ड्रमवादक रॉजर टेलरने दंतवैद्यकाचे शिक्षण घ्यायला सुरुवात केली होती. त्यांचा गायक १९७० मध्ये बाहेर पडला आणि फ्रेडीला जागा मिळाली. ‘क्वीन’ हे नाव त्याने सुचवले. याच सुमारास त्याने स्वतःचे आडनाव मर्क्युरी केले. १९७१ मध्ये इलेक्ट्रॉनिक्सचा विद्यार्थी जॉन डीकन बेस गिटारवर आला आणि चौकडी पूर्ण झाली. पुढची २० वर्षे या चौघांत एकही बदल झाला नाही. रॉकच्या दुनियेत ही दुर्मीळ गोष्ट आहे.

बँडचे बोधचिन्हही फ्रेडीनेच रेखाटले. त्यात चौघांच्या राशींची चिन्हे आहेत. दोघे सिंह राशीचे म्हणून दोन सिंह, मेसाठी खेकडा आणि स्वतःच्या कन्या राशीसाठी दोन पऱ्या. या सर्वांवर पंख पसरलेला फिनिक्स पक्षी आहे.

या बँडमध्ये इंजिनीअरिंगचा जुगाडही भरपूर होता. मे याने किशोरवयात वडिलांच्या मदतीने घरीच गिटार बनवली होती. तिचा दांडा जुन्या शेकोटीच्या चौकटीतल्या लाकडाचा होता. डीकनने कचऱ्यात सापडलेल्या सर्किट बोर्डापासून लहानसा अ‍ॅम्प्लिफायर तयार केला. क्वीनच्या अनेक रेकॉर्डमध्ये तो वाजला आहे.

‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ वेगळे कशामुळे?

बँडचा पहिला अल्बम १९७३ मध्ये आला. खरे नाव झाले ते १९७५ च्या ‘अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा’ या अल्बममुळे. त्यातील ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ हे गाणे ५ मिनिटे ५५ सेकंदांचे आहे. तेव्हा रेडिओवर तीन मिनिटांची गाणी वाजत. या गाण्याला ध्रुवपद नाही. सुरुवातीला संथ पियानो, मध्ये ऑपेरा, मग दणदणीत रॉक आणि शेवटी पुन्हा शांतता.

त्या काळी कॉम्प्युटरवर आवाजाचे थर चढवण्याची सोय नव्हती. स्टुडिओत २४ ट्रॅकची टेप असे. मधल्या ऑपेरासाठी फ्रेडी, मे आणि टेलर हे तिघेच तासन्‌तास गात राहिले. एकावर एक आवाज चढवायचे, ते एका ट्रॅकवर एकत्र करायचे आणि रिकाम्या झालेल्या ट्रॅकवर पुन्हा गायचे, असे सुमारे १८० वेळा झाले. टेप डोक्यावरून इतक्या वेळा गेली की तिच्यावरचा थर झिजून ती आरपार दिसू लागली, असे बँडचे सदस्य सांगत. ऐकणाऱ्याला मोठा वृंद वाटतो, तो प्रत्यक्षात तिघांचा आवाज आहे. गाणे ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले.

पायाच्या ठोक्यांमागचे गणित काय?

१९७७ मध्ये एका कार्यक्रमानंतर प्रेक्षकच बँडसाठी गाऊ लागले. गर्दीतल्या माणसाला उभ्या उभ्या काय करता येईल, असा विचार मे याने केला. पाय आपटता येतात, टाळी वाजवता येते. त्यातून ‘वी विल रॉक यू’ आले. त्यातल्या ठोक्यांत ड्रम नाहीत. स्टुडिओतल्या लाकडी फळ्यांवर मोजक्या लोकांनी पाय आपटले. मग भौतिकशास्त्र शिकलेल्या मे याने त्या आवाजाच्या प्रती थोड्या थोड्या उशिराने एकमेकांवर चढवल्या. उशिराचे अंतर मूळ संख्यांच्या प्रमाणात ठेवले, त्यामुळे प्रतिध्वनी न वाटता हजारो माणसे एकत्र पाय आपटत असल्याचा भास होतो. त्याच वेळी फ्रेडीने ‘वी आर द चॅम्पियन्स’ लिहिले. सामना जिंकल्यावर मैदानात वाजणारे ते गाणे हेच.

आवाजात खास काय होते?

फ्रेडीने गायनाचे रीतसर शिक्षण घेतले नव्हते. २०१६ मध्ये ऑस्ट्रिया, झेक प्रजासत्ताक आणि स्वीडनच्या संशोधकांनी त्याच्या ध्वनिमुद्रणांचा अभ्यास केला. लांबवलेल्या सुरात जो कंप येतो त्याला व्हायब्रेटो म्हणतात. बहुतेक गायकांत तो सेकंदाला साधारण ५.४ ते ६.९ वेळा होतो. फ्रेडीमध्ये तो सरासरी ७.०४ होता आणि काहीसा अनियमित होता. वरच्या पट्टीत जोरात गाताना स्वरतंतूंच्या वरच्या घड्याही कंप पावत असाव्यात, असा निष्कर्ष निघाला. त्यामुळे आवाजाला ती ओळखीची खरखर येत असे. बोलण्याचा आवाज मात्र त्या मानाने खालच्या पट्टीतला होता. त्याच्या आवाजाचा पल्ला चार सप्तकांचा होता हा लोकप्रिय दावा या अभ्यासात सिद्ध होऊ शकला नाही.

जादा दात त्याने पैसा आल्यावरही काढले नाहीत. तोंडातली ती जादा जागा गेली तर आवाज बदलेल, अशी त्याला भीती होती.

लाइव्ह एडपूर्वी बँड अडचणीत का होता?

१९८१ मध्ये ब्राझीलच्या साओ पावलोत एका रात्री सव्वा लाखाहून अधिक लोक क्वीनला ऐकायला आले. पण त्यानंतर घसरण झाली. १९८२ चा अल्बम चाहत्यांना आवडला नाही. १९८४ मध्ये ‘आय वाँट टू ब्रेक फ्री’च्या व्हिडिओत चौघांनी एका ब्रिटिश टीव्ही मालिकेची थट्टा करत बायकांचे कपडे घातले. ब्रिटनमध्ये लोक हसले, अमेरिकेत मात्र तो रुचला नाही. बालगंधर्वांची परंपरा असलेल्या मराठी प्रेक्षकाला त्यात वावगे वाटले नसते.

त्याच वर्षी बँडने मोठी चूक केली. वर्णभेदाच्या धोरणामुळे दक्षिण आफ्रिकेवर जगभरातील कलाकारांचा बहिष्कार होता. तरीही क्वीनने सन सिटी येथे कार्यक्रम केले. आम्ही राजकारण करत नाही, अशी बाजू त्यांनी मांडली. ती पटण्यासारखी नव्हती. संगीतकारांच्या संघटनेने दंड केला आणि संयुक्त राष्ट्रांच्या काळ्या यादीत नाव गेले. वांशिक हिंसेमुळे स्वतःचे घर सोडावे लागलेल्या गायकाचा हा निर्णय त्याच्या कारकिर्दीवरचा डाग मानला जातो.

१३ जुलै १९८५ रोजी इथिओपियातील दुष्काळग्रस्तांसाठी लंडनच्या वेम्बली स्टेडियममध्ये ‘लाइव्ह एड’ झाले. समोर ७२ हजार प्रेक्षक आणि जगभर थेट प्रक्षेपण. प्रत्येक बँडला साधारण २० मिनिटे होती. क्वीनने आधी घड्याळ लावून सराव केला, फक्त लोकांना पाठ असलेली गाणी निवडली. संध्याकाळच्या उजेडात, प्रकाशयोजनेचा कसलाही आधार नसताना फ्रेडीने ते मैदान ताब्यात घेतले. तो एक तान घ्यायचा आणि ७२ हजार लोक ती परत द्यायचे. कीर्तनात बुवांनी ओळ सोडावी आणि टाळकऱ्यांनी उचलावी, तसा हा प्रकार होता. रॉक संगीताच्या इतिहासातील सर्वोत्तम सादरीकरणांत आजही त्याची गणना होते. पुढच्याच वर्षी, ९ ऑगस्ट १९८६ रोजी नेबवर्थ येथे फ्रेडीचा क्वीनसोबतचा शेवटचा जाहीर कार्यक्रम झाला. भारतात मात्र क्वीनसोबत तो कधीच गायला नाही.

मूळ आणि आजार का लपवला?

आपण पारशी आहोत हे फ्रेडीने नाकारले नाही, पण त्याबद्दल तो क्वचितच बोलला. १९७० च्या दशकातील ब्रिटनमध्ये आशियाई स्थलांतरितांविरुद्ध उघड द्वेष होता. रॉकचा नायक गोराच असतो, असे बाजार धरून चालत होता. घरी तो आई-वडिलांचा फारोखच राहिला. आई-वडील शेवटपर्यंत झरथुष्ट्री परंपरा पाळत होते.

खासगी आयुष्याचेही तसेच. मेरी ऑस्टिन हिच्याशी त्याचे अनेक वर्षे प्रेमाचे नाते होते आणि ते तुटल्यावरही ती सर्वांत जवळची मैत्रीण राहिली. पुढे त्याचे संबंध पुरुषांशी होते. इंग्लंडमध्ये १९६७ मध्येच कायदा बदलला होता, पण समाज बदललेला नव्हता. १९८७ मध्ये त्याला एचआयव्हीची लागण झाल्याचे निदान झाले.

त्या काळात या निदानाचा अर्थ मरण असाच होता. एचआयव्ही शरीराच्या रोगप्रतिकारक पेशींवर हल्ला करतो. त्यावरचे पहिले औषध एझेडटी १९८७ मध्येच मंजूर झाले होते आणि ते एकटे पुरेसे नव्हते. वृत्तपत्रे एड्सला समलिंगींचा रोग म्हणून हिणवत होती. फ्रेडी सडपातळ दिसू लागल्यावर छायाचित्रकार त्याच्या घराबाहेर तळ ठोकून बसले. बँडच्या तिघांना त्याने नंतर सांगितले आणि त्यांनी हे गुपित जपले.

याच दिवसांत त्याने सर्वाधिक झपाट्याने काम केले. स्पेनच्या ऑपेरा गायिका मॉन्सेरात काबाये यांच्यासोबत ‘बार्सिलोना’ हा अल्बम १९८८ मध्ये आला. त्यातील शीर्षकगीत चार वर्षांनी बार्सिलोना ऑलिंपिकच्या वेळी जगाने ऐकले. चालणे अवघड झाल्यावरही तो स्वित्झर्लंडमधील मॉन्त्रो येथील स्टुडिओत उभा राहून गात होता. जेवढे गाता येईल तेवढे तो गाऊन ठेवत होता, संगीत बाकीच्यांनी नंतर चढवले. तो अल्बम त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी आला.

शेवटच्या २४ तासांत काय झाले?

२३ नोव्हेंबर १९९१ च्या संध्याकाळी फ्रेडीच्या वतीने निवेदन प्रसिद्ध झाले. आपल्याला एड्स असल्याचे त्याने मान्य केले. जवळच्यांच्या खासगीपणासाठी आजवर गप्प राहिलो, आता सर्वांनी या रोगाविरुद्धच्या लढ्यात साथ द्यावी, असा त्याचा आशय होता. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी लंडनमधील घरी न्यूमोनियाने त्याचा मृत्यू झाला. तीन दिवसांनी पारशी धर्मगुरूंच्या प्रार्थनेत अंत्यसंस्कार झाले. आयुष्यभर बाजूला राहिलेला धर्म निरोपाच्या वेळी सोबत होता.

२० एप्रिल १९९२ रोजी वेम्बलीतच त्याच्या स्मरणार्थ मोठा कार्यक्रम झाला. त्यातून ‘मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट’ ही संस्था उभी राहिली आणि तिने अनेक देशांतील एचआयव्हीविषयक कामांना निधी दिला. बोधचिन्हातला फिनिक्स इथे पुन्हा आला.

पुढच्या पिढीवर प्रभाव कोणता?

१९९० च्या दशकात अल्टरनेटिव्ह रॉकची लाट आली. साधे कपडे, कच्चा आवाज, दिखाव्याचा तिटकारा. वरवर पाहता हे क्वीनच्या अगदी उलट. तरीही या लाटेचा चेहरा असलेल्या निर्वाणा बँडच्या कर्ट कोबेनने १९९४ मध्ये जीवन संपवण्यापूर्वी लिहिलेल्या पत्रात फ्रेडीचा उल्लेख केला. गर्दीचे प्रेम जसे त्याला झेलता येत होते, तसे आपल्याला येत नाही, ही ती खंत होती. निर्वाणाचा ड्रमवादक डेव्ह ग्रोल याने पुढे फू फायटर्स बँड काढला. २००१ मध्ये क्वीनचा ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’मध्ये समावेश झाला, तेव्हा बँडची ओळख करून द्यायला ग्रोल आणि त्याचा सहकारी टेलर हॉकिन्स हेच व्यासपीठावर होते. म्यूझसारख्या बँडच्या गाण्यांतील ऑपेराचा थाट ऐकला तर मूळ लगेच ओळखू येते.

चित्रपटात दाखवले ते खरे किती?

२०१८ च्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ या चित्रपटामुळे स्मार्टफोनवरच्या पिढीला फ्रेडी नव्याने कळला. मुख्य भूमिकेसाठी रॅमी मालेकला ऑस्कर मिळाले. मात्र चित्रपटात लाइव्ह एडपूर्वीच फ्रेडी आजाराबद्दल सांगतो असे दाखवले आहे. प्रत्यक्षात निदान दोन वर्षांनी झाले. लाइव्ह एडसाठी तुटलेला बँड पुन्हा एकत्र आला हेही खरे नाही, कारण बँड तुटलाच नव्हता. पाचगणीच्या वर्षांना तर चित्रपटात जागाच मिळाली नाही.

तेव्हा आणि आता, काय बदलले?

फ्रेडीच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी, १९९६ च्या सुमारास अनेक औषधे एकत्र देण्याची उपचारपद्धती आली आणि एचआयव्हीचा अर्थच बदलला. औषधे नियमित घेणारी व्यक्ती आता सामान्य आयुष्य जगू शकते. विषाणू तपासणीत सापडणार नाही इतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधांतून लागणही होत नाही. भारतात १ एप्रिल २००४ पासून सरकारी एआरटी केंद्रांत ही औषधे मोफत मिळतात. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार रुग्णाची ओळख त्याच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही, तसेच नोकरी, शाळा किंवा दवाखान्यात भेदभाव करता येत नाही. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारी तरतूद सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द ठरवली.

औषध आले, कायदा आला. भीती मात्र पुरती गेलेली नाही. ओळखीचे कुणी पाहील म्हणून तालुक्याचा दवाखाना टाळून दूरच्या शहरात तपासणीला जाणारे आजही आहेत, आणि लाजेपोटी मध्येच औषध सोडणारेही. औषध सोडले की विषाणू पुन्हा वाढतो. फ्रेडीकडे पैसा होता, डॉक्टर होते, जिवाला जीव देणारे मित्र होते. फक्त औषध नव्हते. आज ते जिल्ह्याच्या ठिकाणी फुकट मिळते. तपासणी आणि उपचारांची माहिती राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या १०९७ या मोफत क्रमांकावर नाव न सांगताही विचारता येते.